चेहरा वगळून उरलेला माणूस

ली फ्रीडलँडर या अमेरिकी छायाचित्रकाराचा १९६६ सालचा एक फोटो आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एक बाई पुढे चालली आहे. आपल्याला तिची फक्त पाठ दिसते, सोनेरी केस आणि फरचा कोट. मागून येणाऱ्या फोटोग्राफरच्या डोक्याची सावली नेमकी तिच्या पाठीवर पडली आहे. कोटाच्या फरमुळे सावलीच्या डोक्यावरचे केस ताठ उभे राहिल्यासारखे दिसतात, एखाद्याने दचकावं तसे. फोटोत माणसं दोन आहेत आणि चेहरा एकाचाही नाही.

तरीही हा फोटो त्या बाईचा नाही, फ्रीडलँडरचा आहे, हे पाहताक्षणी कळतं. अनोळखी बाईच्या मागोमाग, तिच्या नकळत, अगदी जवळून चालणारा माणूस त्यात दिसतो. रस्त्यावरचे फोटो काढणाऱ्याच्या कामात एक पाठलाग असतो, थोडी घुसखोरी असते. फ्रीडलँडरने ती लपवली नाही, उलट स्वतःच्या सावलीच्या रूपाने चौकटीच्या मधोमध आणून ठेवली. १९७० साली त्याने 'सेल्फ पोर्ट्रेट' हे पुस्तक काढलं. त्यात त्याच्या सावल्या आहेत, दुकानांच्या काचांतली प्रतिबिंबं आहेत, आणि काही फोटोंत तर कॅमेऱ्यानेच तोंड झाकलेलं आहे. त्याचा एखादा नीट काढलेला, समोर बघणारा फोटो यातलं काहीच सांगू शकला नसता.

चेहरा न दाखवता स्वतःला दाखवण्याची ही धडपड छायाचित्रकलेत जुनी आहे. तिच्यात उत्तम काम झालं आहे, तसं पुष्कळ पोकळ कामही झालं आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळक होते. चेहरा लपवणं सोपं आहे. चेहरा काढून घेतल्यावर जी जागा रिकामी होते तिथे काय ठेवलं, यावर सगळं ठरतं. तिथे त्या माणसाचंच, दुसऱ्या कुणाला देता येणार नाही असं काही आलं, तर ते आत्मचित्र. नाहीतर तो नुसता झाकलेला चेहरा.

चेहऱ्याचं काम काय, हे आधी पाहू. पासपोर्टवर, आधार कार्डावर, कॉलेजच्या ओळखपत्रावर चेहरा लागतो, कारण तो माणूस कोण हे चटकन सांगतो. माणूस कसा आहे हे सांगायची जबाबदारी मात्र आपण उगाच त्याच्यावर टाकतो. कॅमेरा समोर आला की चेहरा तयारीनिशी उभा राहतो. लहानपणापासून 'जरा हस' ऐकून तो पक्का झालेला असतो. पाठ, पोटऱ्या, हाताची बोटं यांना असलं शिक्षण मिळालेलं नसतं. त्यामुळे ती पुष्कळदा चेहऱ्यापेक्षा जास्त खरं बोलून जातात.

छायाचित्रातलं पहिलं आत्मचित्र म्हणून सहसा फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसचा १८३९चा डॅगेरोटाइप दाखवतात. त्यात चेहराच चेहरा आहे. माझ्या मते आपल्या विषयाची सुरुवात पुढच्या वर्षी, पॅरिसमध्ये होते. इपोलित बायार याने कागदावर थेट छायाचित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली होती, पण सगळा मान आणि सरकारी मोबदला डॅगेरोटाइप शोधणाऱ्या लुई दागेरला मिळाला. १८४०मध्ये बायारने स्वतःचा फोटो काढला तो बुडून मेलेल्या माणसाचा, उघड्या अंगाने, डोळे मिटून, भिंतीला रेललेला. फोटोच्या मागे त्याने आपल्याच मृत्यूची हकिगत लिहिली. उन्हाने रापलेले हात आणि तोंड फोटोत काळपट आले होते. त्याचा उपयोग करून त्याने लिहिलं की प्रेत आता कुजायला लागलं आहे. इथे चेहरा आहे, पण बोलतं ते प्रेताचं सोंग आणि मागचा मजकूर. डावलल्या गेलेल्या माणसाचा संताप त्याने डोळे मिटून सांगितला. कॅमेऱ्यासमोरचा माणूस आणि फोटोतला माणूस एकच असायला हवा असं नाही, हे छायाचित्रकलेला इतक्या लवकर कळलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चेहरा टाळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे सावली. ऊन कललेलं हवं, पाठीवर हवं आणि समोर सावली झेलणारं काही हवं, एवढंच. आल्फ्रेड स्टिग्लिट्झने १९१६मध्ये तळ्याच्या पाण्यावर पडलेल्या दोन सावल्या टिपल्या, एक स्वतःची आणि एक चित्रकार मित्र वॉकोविट्झची. आंद्रे केर्तेशने १९२७मध्ये पॅरिसमध्ये भिंतीवर पडलेली आपली आणि कॅमेऱ्याची सावली टिपली. पुढे हा प्रकार इतका रुळला की फोटोग्राफी शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी आपली लांबलचक सावली टिपतोच. पण एकटी सावली कुणाचीही असू शकते. ती एका माणसाची व्हायला वेळ लागतो, सातत्य लागतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हिव्हियन मायर. जन्म न्यूयॉर्कचा, १९२६चा. आयुष्यातली कितीतरी वर्षं तिने शिकागोत लोकांची मुलं सांभाळण्यात घालवली आणि फावल्या वेळात एक लाखाहून जास्त फोटो काढले, जवळजवळ कुणालाही न दाखवता. सामान ठेवलेल्या भाड्याच्या गाळ्याचे पैसे थकले म्हणून २००७मध्ये ते सामान लिलावात निघालं आणि तिचे निगेटिव्ह लोकांच्या हाती आले. २००९मध्ये ती वारली. जगाने तिचं नाव ऐकलं ते त्यानंतर. तिच्या फोटोंत ती सतत येते. आरशांत आणि काचांत तिचा चेहराही दिसतो, पण तिच्या सावल्या मला जास्त बोलक्या वाटतात. हॅट घातलेली, खांद्यांची ताठ रेघ असलेली ती आकृती गवतावर, भिंतीवर, फुटपाथवर पुन्हा पुन्हा पडते. ती रोलायफ्लेक्स वापरायची. या कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून पाहावं लागतं, कॅमेरा पोटाशी असतो. म्हणजे फोटो काढतानाही ती कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. दुसऱ्यांच्या घरात राहणाऱ्या, कुणाच्या नजरेत न भरता सगळं पाहणाऱ्या बाईची देहबोलीच त्या यंत्राने ठरवल्यासारखी वाटते. एका सावलीतून हे कळलं नसतं. पन्नास पाहिल्यावर कळतं.

मात्र इथे सावध राहायला हवं. मायरने यांतला एकही फोटो 'माझं आत्मचित्र' म्हणून लोकांपुढे ठेवलेला नाही. निवड आपण केली, क्रम आपण लावला, पुस्तकं आपण काढली. चेहरा नसलेल्या चित्रात बघणाऱ्याला मोकळी जागा जास्त मिळते आणि ती आपण आपल्या कल्पनेने भरून टाकतो. फ्रान्सेस्का वुडमनच्या बाबतीत हे फार झालं आहे. ती १९७६च्या सुमारास ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला कलाशाळेत शिकत होती. तिथल्या एका पडक्या घरात शटर बराच वेळ उघडं ठेवून तिने स्वतःला टिपलं. कुठे ती फाटक्या वॉलपेपरच्या मागे आहे, कुठे हलल्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट फराटा उरला आहे. १९८१मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी तिने आत्महत्या केली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक अस्पष्ट चेहऱ्यात लोक मृत्यूची चाहूल शोधतात. मला हे अन्यायाचं वाटतं. ते फोटो नीट बघा. त्यांत एका हुशार विद्यार्थिनीची खोडी आहे, जागा आणि शरीर यांचं गणित सोडवून बघण्याची जिद्द आहे. स्वतःलाच मॉडेल का करते, तर मी कधीही हाताशी असते, असं साधं कारण ती द्यायची. तिच्या शेवटावरून तिची सुरुवात वाचणं म्हणजे तिने केलेलं काम तिच्याकडून काढून घेणं.

शरीराकडे वळलं की जॉन कोप्लन्सपाशी थांबावंच लागतं. लंडनमध्ये १९२० साली जन्मलेला हा माणूस आधी सैनिक, मग चित्रकार, मग 'आर्टफोरम' या नामांकित कलामासिकाच्या संस्थापकांपैकी एक आणि नंतर त्याचा संपादक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कलेवर लिहिलं आणि १९८४मध्ये, साठी उलटून गेल्यावर, तो स्वतःचे विवस्त्र फोटो काढू लागला. ते कृष्णधवल आहेत, भल्यामोठ्या आकारात छापलेले, आणि प्रत्येकात डोकं चौकटीबाहेर ठेवलेलं. त्याच वर्षीच्या एका फोटोत चौकटभर त्याची पाठ आहे. केसाळ, रुंद, मांसल पाठ, कातडी थोडी सैलावलेली. खांद्यांच्या वर मध्यभागी दोन मुठी तेवढ्या डोकावतात. क्षणभर त्या मुठीच या धडाची डोकी वाटतात. म्हातारं शरीर म्हटलं की कीव किंवा आदर, या दोन्हींतलं काहीच इथे मागितलेलं नाही. हे शरीर एखाद्या दगडासारखं निवांत आहे आणि थोडं मिश्कीलही.

डोकं का कापलं, याचं कोप्लन्सचं उत्तर विचार करायला लावणारं होतं. चेहरा आला की तो एका काळातला, एका नावाचा माणूस होतो. चेहरा गेला की शरीर फार मागे जातं, पूर्वजांपर्यंत, माणसाच्या आदिम स्मृतीपर्यंत, असं त्याला वाटे. पण त्या फोटोंत मला त्याचा पूर्वज दिसत नाही, कोप्लन्सच दिसतो. साठीपर्यंत दुसऱ्यांच्या कामाचं परीक्षण केलेला समीक्षक स्वतःच्या पोटाकडे, टाचांकडे, बोटांच्या वेड्यावाकड्या नखांकडे तितक्याच कठोरपणे बघतो, हा त्याचा स्वभाव. तो या फोटोंच्या बघण्यात आहे.

लॉरा अगिलार ही लॉस एंजेलिसच्या परिसरात वाढलेली मेक्सिकी-अमेरिकी छायाचित्रकार. तिने १९९६मध्ये न्यू मेक्सिकोच्या उजाड माळावर स्वतःचे असेच विवस्त्र फोटो काढले. तिचं शरीर खूप स्थूल होतं आणि त्यावरून जगाने तिला सुखाने जगू दिलं नव्हतं. फोटोत ती खडकांच्या शेजारी पाठ करून, अंग आवळून बसते आणि तिच्या पाठीची गोलाई खडकांच्या गोलाईत मिसळते. चेहरा वळवला म्हणून लाज दिसेल असं वाटतं, पण दिसते ती एक मोठी विश्रांती. ज्या शरीराकडे सगळे बोट दाखवत होते ते तिथे कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. फिनलंडमध्ये जन्मलेला अमेरिकी छायाचित्रकार आर्नो राफाएल मिंकिनेन हाही अनेक दशकं आपले हातपाय तळ्यांत, बर्फात, कड्यांवर ठेवून फोटो काढत आला आहे, एकाच निगेटिव्हवर, कसलीही जोडाजोड न करता. त्याचं काम पाहून मी थक्क होतो, पण अगिलारच्या चार फोटोंत जेवढी ती भेटते तेवढा तो मला भेटत नाही. कौशल्य पुढे आलं की माणूस मागे सरतो.

पाठमोरं उभं राहण्याचाही एक वेगळा अर्थ असतो. कॅरी मे वीम्स २००६मध्ये रोममध्ये राहत होती. तिथे काढलेल्या 'रोमिंग' या मालिकेत ही आफ्रिकी-अमेरिकी कलावंत लांब काळ्या झग्यात, आपल्याकडे पाठ करून, प्राचीन अवशेषांसमोर आणि दगडी सत्तास्थानांसमोर उभी आहे. तिचा चेहरा बघायचा नाही, तिच्याबरोबर समोरची भिंत बघायची. ती इमारत आपल्यासारख्यांसाठी बांधलेली नाही, हे तिच्या उभं राहण्यातून कळतं. आज प्रत्येक पर्यटक डोंगराकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ करून फोटो काढून घेतो. त्या फोटोत उद्या दुसरा माणूस उभा केला तरी काही बिघडत नाही. वीम्सच्या जागी दुसरं कुणी उभं करून बघा, फोटो कोसळतो. गरम चहाच्या कपाभोवतीचे हात, वाळूतले पाय, पुस्तकाआड झाकलेलं तोंड, हे सगळे प्रकार याच कसोटीवर नापास होतात. त्यांत वाईट काही नाही, पण त्यांत कुणी राहतही नाही.

आता ज्यात शरीरही नाही, अशा चित्रांकडे येतो. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात खोल काम इथे झालं आहे. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखीत पादुका असतात, आणि वारकरी म्हणतो माउली निघाली.

आना मेंदिएता क्युबात जन्मली. १९६१मध्ये, बारा वर्षांची असताना, तिला आणि तिच्या बहिणीला आईवडिलांविना अमेरिकेत पाठवण्यात आलं. आयोवाच्या अनाथाश्रमांत आणि परक्या कुटुंबांत ती वाढली. १९७३पासून तिने मेक्सिकोत आणि आयोवात 'सिलुएता' मालिका केली. सुरुवातीच्या फोटोत ती स्वतः एका प्राचीन थडग्यात निजली आहे आणि पांढऱ्या फुलांनी तिचा चेहरा झाकला गेला आहे. पुढे पुढे ती चित्रातून निघूनच जाते. उरतो तो मातीत, वाळूत, चिखलात, गवतात तिच्या देहाएवढा ठसा. कधी त्यात लाल रंग भरलेला, कधी तो पेटवलेला, कधी भरतीचं पाणी येऊन पुसून टाकत असलेला. मातृभूमीपासून तुटलेल्या मुलीने जमिनीत स्वतःला पुन्हा पुन्हा रुजवून बघितलं आणि प्रत्येक वेळी ती आकृती निसर्गाने मोडली. हे सगळं घडल्याचा पुरावा म्हणजे हे फोटो. चेहरा असता तर ती एका मुलीची हकिगत झाली असती. ठसा आहे म्हणून प्रत्येक निर्वासिताला तिथे आपलं माप घेऊन बघता येतं, आणि तरीही माप तिचंच राहतं.

फेलिक्स गोन्झालेस-तोरेस हाही क्युबातच जन्मला. त्याचा जोडीदार रॉस जानेवारी १९९१मध्ये एड्सने गेला. त्या वर्षी गोन्झालेस-तोरेसने दुहेरी पलंगाचा एक फोटो काढला. पांढऱ्या चादरी चुरगळलेल्या, दोन उशा शेजारी शेजारी, आणि दोन्हींवर डोक्यांचे खळगे. बस्स, एवढंच. १९९२मध्ये न्यूयॉर्क शहरात २४ जाहिरात फलकांवर तो लावला गेला, त्यावर एकही शब्द नव्हता. २४ हा आकडा रॉसच्या मृत्यूच्या तारखेचा. ज्या देशात समलिंगी माणसांच्या अंथरुणाबद्दल न्यायालयं आणि राजकारणी निवाडे देत होते, तिथे त्याने ते अंथरुणच रस्त्यावर टांगलं, पण त्यात बघण्यासारखं कुणी ठेवलं नाही. शेजारच्या खळग्याकडे बघत झोपणाऱ्या माणसाचं याहून नेमकं आत्मचित्र मी पाहिलेलं नाही. स्वतः गोन्झालेस-तोरेस १९९६मध्ये त्याच आजाराने गेला.

केर्तेशच्या आयुष्यातही असाच एक टप्पा आला. १९७७मध्ये पत्नी एलिझाबेथ वारली तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता. एका दुकानात त्याला काचेचा छोटा अर्धपुतळा दिसला आणि त्याच्या मानेत आणि खांद्यात त्याला एलिझाबेथ दिसली. न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीत तो पुतळा ठेवून पोलरॉइड कॅमेऱ्याने तो त्याचे फोटो काढत राहिला, कधी सकाळच्या उजेडात, कधी ढगाळ दुपारी. काचेतून बाहेरच्या इमारती उलट्या, वितळल्यासारख्या दिसतात. १९८१मध्ये 'फ्रॉम माय विंडो' या पुस्तकात ते छापले. फोटोत दिसते ती काचेची बाई, पण खिडकीच्या अलीकडे रोज येऊन उभा राहणारा म्हातारा त्या प्रत्येक फोटोत आहे.

इशिउची मियाको या जपानी छायाचित्रकार बाईंनी तर स्वतःला दाखवण्यासाठी दुसऱ्यांचे हातपाय घेतले. त्यांचा जन्म १९४७चा. चाळिशी गाठल्यावर त्यांनी त्याच वर्षी जन्मलेल्या स्त्रियांच्या हातांचे आणि पायांचे फोटो काढले, भेगा, घट्टे, नखं, सुरकुत्या यांसकट. हे पुस्तक १९९०मध्ये आलं आणि त्याचं नाव एवढंच, त्यांच्या जन्माचं साल. युद्धानंतरच्या जपानमध्ये राबलेल्या एका पिढीच्या अंगावर काळाने काय लिहिलं ते त्यात दिसतं. आपलं चित्र आपल्या एकट्याचं नसतं, ही जाण मला फार मोलाची वाटते.

इथवर जे लपले ते आपल्या मर्जीने. सगळ्यांना ती मुभा नसते. सुनील गुप्ता यांनी १९८०च्या दशकात दिल्लीत 'एग्झाइल्स' ही मालिका केली. त्यात समलिंगी पुरुष स्मारकांजवळ, बागांत, घरांत दिसतात, पण अनेकांचे चेहरे वळवलेले किंवा चौकटीबाहेर आहेत. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं, आणि ओळख पटली तर घर, नोकरी, अब्रू सगळंच जायची भीती होती. तिथे चेहरा नसणं ही शैली नाही, ती अट आहे. आज फोनचं कुलूपसुद्धा चेहऱ्याने उघडतं आणि कुणाचाही चेहरा कुठल्याही यंत्रणेच्या साठ्यात जाऊन पडतो. त्यामुळे चेहरा हातचा राखून ठेवणं ही पुन्हा एकदा गरज होत चालली आहे, हे तरुण छायाचित्रकारांच्या कामात जाणवतं.

या सगळ्या प्रश्नांचा गुंता आपल्या अगदी जवळ, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारमध्ये दिसतो. तिथल्या कोकणा आणि वारली समाजांत बोहाड्याची परंपरा आहे. उत्सवात देवादिकांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून नाचवली जातात. छायाचित्रकार गौरी गिल यांनी २०१५पासून तिथल्या कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणाऱ्या कलावंतांबरोबर 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही मालिका सुरू केली. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे त्यांतले प्रमुख. या वेळी मुखवटे देवांचे नव्हते. माणसांचे होते, प्राणी-पक्ष्यांचे होते, रोजच्या वस्तूंचे होते. ते घालून गावातल्या लोकांनी आपल्याच जगण्यातले प्रसंग उभे केले. आदिवासी म्हटलं की बाहेरून येणारा कॅमेरा चेहऱ्यावरचं दैन्य शोधतो. इथे तो चेहराच त्यांनी कॅमेऱ्याला दिला नाही. दिला तो स्वतः घडवलेला चेहरा, आणि त्याखाली आपले खरे खांदे, खरे कपडे, खरी बसण्याची पद्धत.

बटण गौरी गिल यांनी दाबलं, म्हणून या फोटोंना आत्मचित्र म्हणायला अनेक जण तयार होणार नाहीत. पण मुखवटा कोणता घडवायचा हे ठरवण्यापासून तो घालून कसं बसायचं इथपर्यंत, चित्रात जे काही आहे ते त्या माणसांनी आपल्याबद्दल सांगितलेलं आहे. माझ्या लेखी ही जव्हारच्या लोकांची आत्मचित्रं आहेत, गिल यांच्याबरोबर काढलेली. ती जिथे जिथे टांगली जातील तिथे मुखवटे घडवणाऱ्यांची आणि ते घालून बसणाऱ्यांची नावं छायाचित्रकाराच्या नावाशेजारी, तेवढ्याच अक्षरांत लिहिली गेली पाहिजेत.